घरचा सीसीटीव्ही दिवसा झकास, रात्री निकामी? या चुका टाळा

कॅमेरे बसवून झाले की मोबाइलवर चार चौकोन दिसतात. फाटक, अंगण, जिना सगळं एका नजरेत येतं आणि काम फत्ते झालं असं वाटतं. मग एखाद्या रात्री कुणीतरी फाटक उघडून आत येतं, सकाळी फुटेज काढलं जातं आणि त्यात दिसते एक पांढरट, चेहरा नसलेली आकृती. कॅमेरा चालू होता, रेकॉर्डिंगही झालं होतं, तरी हाती काही लागत नाही. यात कॅमेऱ्याच्या कंपनीचा दोष क्वचितच असतो. कोणती लेन्स घेतली, किती उंचीवर लावली, वीज कोणत्या तारेतून नेली, यावरच सगळं ठरतं.

एकाच कॅमेऱ्यात सगळं बसवण्याचा हट्ट

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिशेब नीट समजून घ्या. कॅमेऱ्यावर २.८, ४ किंवा ६ मिलिमीटर असा लेन्सचा आकडा असतो. आकडा जितका लहान तितका देखावा रुंद आणि त्यातला माणूस तितकाच बारीक. नेहमीच्या घरगुती कॅमेऱ्यात २.८ ची लेन्स साधारण १०० ते ११० अंशांचा पट्टा पाहते, ४ ची ८० ते ८५ आणि ६ ची ५० ते ५५ अंशांचा.

आता चेहऱ्याचं बघू. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ६२६७६-४ या मानकामुळे रूढ झालेले आकडे असे आहेत : कुणीतरी आहे एवढंच कळायला चित्रातल्या एका मीटर रुंदीमागे २५ पिक्सेल (चित्राचे ठिपके) पुरतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५०. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. तिला २५० ने भागलं की ७.६८ मीटर येतात. म्हणजे चित्रात मावणारी रुंदी पावणेआठ मीटरच्या आत आहे तिथेच चेहरा कामाचा मिळेल. २.८ च्या लेन्सला ही मर्यादा कॅमेऱ्यापासून तीन मीटरच्या आतच येते, ४ च्या लेन्सला सव्वाचार मीटरच्या आसपास, ६ च्या लेन्सला पावणेआठ मीटरच्या सुमाराला. हेही भरपूर उजेड असताना. फाटक दहा मीटरवर आणि लेन्स २.८ ची असेल, तर तिथला चेहरा नंतर कितीही मोठा करून पाहा, दिसतील ते चौकोनी ठिपकेच. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तरी हे अंतर फक्त एक-तृतीयांशाने वाढतं.

म्हणून कामं वाटून द्या. एक रुंद लेन्सचा कॅमेरा कुठून कोण आलं-गेलं हे पाहण्यासाठी ठेवा. दुसरा ४ किंवा ६ चा, माणसाला जिथून जावंच लागतं अशा अरुंद जागेवर रोखा : फाटक, दाराची चौकट, जिन्याचं वळण. भिंतीला भोकं पाडण्याआधी कॅमेरा शिडीला तात्पुरता बांधा, त्या जागी कुणाला तरी उभं करा आणि चेहरा ओळखू येतो का ते रात्री पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढची सगळी फिरवाफिरव वाचते.

कुणाच्या हाताला लागू नये म्हणून उंचावर

साडेचार मीटर उंचीवरच्या कॅमेऱ्याला चार मीटरवरून येणारा माणूस छत्तीसेक अंशांच्या उतारातून दिसतो. टोपी घातली असेल तर फक्त टोपीच दिसते. तोच कॅमेरा तीन मीटरवर आणला की हा कोन १९ अंशांवर येतो आणि चेहरा मिळतो. अडीच ते तीन मीटर ही उंची धरून चला. मोडतोडीची भीती असेल तर उंची वाढवू नका, दोन कॅमेरे एकमेकांना दिसतील असे लावा.

रात्रीचा पांढरा पडदा

अंधारात कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो आणि चित्र कृष्णधवल होतं. हा उजेड आपल्याला दिसत नाही, त्यामुळे तो कुठे आदळतोय हेही लक्षात येत नाही. छज्जाची कड, जवळचा खांब किंवा बाजूची भिंत चित्राच्या कोपऱ्यात जरी आली, तरी ती लख्ख उजळते. कॅमेरा त्या उजेडाला जुळवून घेतो आणि पलीकडचं अंगण काळंकुट्ट होतं. उपाय साधा आहे. कॅमेरा छज्जाच्या कडेपर्यंत पुढे आणा किंवा थोडा वळवा, जवळचं काहीही चौकटीत येऊ देऊ नका. खिडकीच्या काचेआडून पाहणाऱ्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे सेटिंगमध्ये बंदच करा आणि बाहेर साधा दिवा लावा.

घुमट आकाराच्या कॅमेऱ्यात आणखी एक गोष्ट घडते. बसवताना झाकणाला बोटं लागतात. दिवसा ते ठसे दिसत नाहीत, रात्री मात्र चित्रावर धुकं पसरतं. लेन्सभोवतीची फोमची किंवा रबराची रिंग झाकणाला नीट टेकली नसेल तरी हेच होतं, कारण दिव्यांचा उजेड आतल्या आत लेन्सवर येतो. झाकण मऊ, स्वच्छ कापडाने पुसा आणि रिंग दाबून बसवा.

आणि कोळी. दिव्यांभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. लेन्ससमोरचा जाळ्याचा एक धागा वाऱ्याने हलला की पडद्यावर जाड पांढरी दोरी झुलताना दिसते. मग रात्रभर ‘हालचाल’ म्हणून मोबाइलवर सूचना येत राहतात आणि कंटाळून माणूस सूचनाच बंद करून टाकतो. महिन्यातून एकदा लांब दांड्याच्या मऊ ब्रशने जाळी काढा. इतकं साधं काम, पण बहुतेक घरांत तेच राहून जातं.

चित्र उजळ आहे, पण चालणारा माणूस फराटा ओढल्यासारखा दिसतो? मग कॅमेऱ्याने अंधारात शटर फार हळू केलंय. सेटिंगमध्ये शटर १/५० ते १/१०० सेकंदावर बांधून टाका. चित्र थोडं अंधारेल, त्यासाठी बाहेर मंद दिवा रात्रभर चालू ठेवा. दाराजवळचा एक साधा दिवा कधीकधी महागड्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

घराच्या आतून उघड्या दाराकडे पाहणारा कॅमेरा दिवसाही फसतो. बाहेरच्या उन्हापुढे माणूस काळी सावली होऊन जातो. तिथे १२० डेसिबलचा खरा डब्ल्यूडीआर, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सांभाळणारी सोय, असलेला कॅमेरा लावा. ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ म्हणजे फक्त सॉफ्टवेअरची उजळणी, तेवढ्याने भागत नाही.

दिवसा ठीक, रात्री सारखा बंद-चालू

ही तक्रार आली की कॅमेरा बदलण्याची घाई करू नका. आधी मल्टिमीटर काढा. इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेऱ्याला जास्त विद्युतप्रवाह लागतो आणि बारीक, लांब तारेत व्होल्टेज पडतं. २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०८४ ओहम असतो. केबल ३० मीटरची असेल तर जाणं-येणं मिळून तार ६० मीटर होते आणि रोध ५ ओहम. दिवसा कॅमेरा पाव अँपिअर घेत असेल तर सव्वा व्होल्ट पडतात, चालून जातं. रात्री अर्धा अँपिअर घेतला की अडीच व्होल्ट पडतात, १२ चे साडेनऊ उरतात आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. दिवे विझतात, व्होल्टेज सुधारतं, कॅमेरा चालू होतो, दिवे पुन्हा लागतात, पुन्हा तेच.

व्होल्टेज मोजायचं ते कॅमेऱ्याच्या टोकाला. ॲडॉप्टरजवळ १२ दिसेलच, त्यावर जाऊ नका. कॅमेऱ्याचा प्रकाश-सेन्सर हाताने झाका, म्हणजे दिवसाही दिवे लागतील, आणि तेव्हा मोजा. १०.८ च्या खाली आकडा गेला तर केबलमधल्या न वापरलेल्या तारांच्या जोड्या समांतर जोडा. दोन जोड्या वापरल्या की घट निम्मी होते. नाहीतर जाड तार टाका किंवा ॲडॉप्टर कॅमेऱ्याजवळ न्या.

केबल घेताना तारेचं टोक चाकूने खरवडून पाहा. वर तांबूस आणि आत चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि ती वाकवताना पटकन तुटते. भिंतीत एकदा गाडली की बदलता येत नाही, म्हणून इथे काटकसर नकोच.

नवीन वायरिंग करत असाल तर पीओई घ्या. एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं, ८०२.३एएफ मानकाच्या पोर्टमधून १५.४ वॉट निघतात, कॅमेऱ्याला १२.९५ वॉट नक्की मिळतात आणि केबल १०० मीटरपर्यंत नेता येते. ‘पॅसिव्ह’ लिहिलेले स्वस्त इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारे डबे) मात्र मानकाच्या कॅमेऱ्याला जोडू नका. समोर काय जोडलंय हे न तपासताच ते वीज सोडतात.

उघडी लोंबणारी जोडणी

कॅमेऱ्याच्या शेपटीवरचा जोड भिंतीवर तसाच लोंबत सोडला की पहिल्या पावसाळ्यातच पितळी टोकांवर हिरवी पूड धरते आणि चित्र येतं-जातं. जोड जंक्शन बॉक्सच्या आत हवा आणि केबल बॉक्समध्ये खालच्या बाजूने शिरायला हवी. शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच गळून जाईल. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा. खोक्यात येणारी पाणीरोधक टोपी केबलला कनेक्टर लावण्याआधीच ओवून घ्यायची असते. ती मागून चढत नाही, म्हणून बऱ्याचदा खोक्यातच राहते.

हार्डडिस्क, घड्याळ, पासवर्ड

सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने दिवसभर रेकॉर्डिंग केलं की १०.८ जीबी भरतात. चार कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिटवर असतील तर दिवसाला १७२.८ जीबी, म्हणजे २ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं लिहिलं जातं. तुम्ही तीन आठवडे गावाला जात असाल तर पहिल्या आठवड्याचं फुटेज परत येईपर्यंत उरणार नाही. आधी दिवस ठरवा, मग डिस्क घ्या, आणि ती सततच्या लिहिण्यासाठी बनवलेली, सीसीटीव्हीचीच घ्या.

रेकॉर्डर टीव्हीशेजारी ठेवू नका. चोर तोच उचलून नेतो. हवा खेळेल अशा कुलूपबंद कपाटात ठेवा आणि यूपीएसवर रेकॉर्डरबरोबर राउटर आणि पीओई स्विचही घ्या. डिस्क खराब झाली तरी थेट चित्र दिसतच राहतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. डिस्क-एररचा बझर चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा काल रात्रीचं रेकॉर्डिंग उघडून पाहा. तेव्हाच घड्याळही तपासा. वेळ इंटरनेटवरून आपोआप जुळण्याची सोय चालू नसेल तर हळूहळू मागे-पुढे होते.

कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे उपकरणांना बाहेरची वाट आपोआप उघडून देणारी सोय, बंद करा; इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंत वाट उघडणारं पोर्ट फॉरवर्डिंगही नको.

वाय-फाय कॅमेरा राउटरपासून एका भिंतीपलीकडे ठीक. जाड भिंती दोन झाल्या की केबलच टाका.

शेजाऱ्यांची खिडकी किंवा अंगण चौकटीत येत असेल तर प्रायव्हसी मास्कने तेवढा भाग झाका. त्यांना न विचारता त्यांच्या घरावर नजर ठेवणं बरोबर नाही.

आणि कधी काही घडलंच, तर पडद्यासमोर मोबाइल धरून चित्रण करून समाधान मानू नका. त्यात होता नव्हता तो बारकावाही जातो. रेकॉर्डरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवा, ती दुसऱ्या संगणकावर उघडते का ते तिथल्या तिथे पाहा आणि हे त्याच दिवशी करा. साडेअकरा दिवसांनी रेकॉर्डरमधली प्रत पुसली जाणार आहे.