हाडं वर आलेल्या कुत्र्याला पहिले दिवस काय घालावं

रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याच्या बरगड्या दिसल्या की ताटभर दूधभात पुढं ठेवावासा वाटतो. तिथंच घात होतो. उपाशी शरीरात एकदम भात-भाकरी गेली की इन्शुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. कुत्रं लटपटतं, हृदयही बंद पडू शकतं. म्हणून आधी डॉक्टर, मग ताट.

दहा किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण 400 कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याचा तिसरा हिस्साच द्या: एक उकडलेलं अंडं, 40 ग्रॅम बिनहाडाचं उकडलेलं चिकन, कुस्करून, पाच-सहा वेळा विभागून. जुलाब नसतील तर रोज थोडं वाढवत पाचव्या-सहाव्या दिवशी 400 वर या. कितीही केविलवाणं बघितलं तरी घाई नको.

कडक भाकरी आठवड्यानंतर, चिकनच्या पाण्यात बोटानं दाबल्यावर लगदा होईपर्यंत भिजवून. शेंगाचटणी लावलेला तुकडा मात्र कधीच नाही. चटणीतला लसूण, तसाच कांदाही, तांबड्या रक्तपेशी फोडतो.

सोलापूरच्या उन्हाळ्यात उरलेलं अन्न लगेच उचला, पाणी कायम भरलेलं ठेवा.

वजन दर आठवड्याला. खाऊनही काटा हलेना, पोट नगाऱ्यासारखं, तर जंत बघा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर गोचीडतापासाठी रक्त त्याच दिवशी तपासा.