मैल कुणाच्या वहीत पडतात?

गोव्यातल्या वाळपईच्या दोन मुलांनी परवा विचारलं, "ताई, घोड्यावरच्या एन्ड्युरन्स राइडला परदेशात उतरायचं तर सुरुवात कुठून करायची?" एन्ड्युरन्स राइड म्हणजे घोड्यावरून लांबचं अंतर ठरलेल्या वेळात पार करायची शर्यत. दोघंही सुट्टीत बेळगावला जाऊन घोड्यावर बसायला शिकलेले. मी त्यांना आधी माझ्या पहिल्या पन्नास मैलांची गोष्ट सांगितली.

मी साखळीची. पशुवैद्यकीची पदवी परळच्या कॉलेजातून घेतली आणि पुढे शिकायला कॅलिफोर्नियात गेले. तिथे रविवारी राइडवर घोड्यांची नाडी मोजायला जायचे. त्या ओळखीतून एकीने तिची घोडी मला 50 मैलांसाठी दिली. साडेनऊ तासांत आम्ही पोहोचलो, शेवटच्या पशुवैद्यकीय तपासणीत घोडी पास झाली, मी रडले. महिनाभराने नोंद पाहिली तर घोडीच्या नावावर 50 मैल होते, माझ्या नावावर काहीच नव्हतं. मी त्या दिवसापुरते पैसे भरून उतरले होते, मैलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची सदस्य नव्हते. सदस्यत्व नंतर घेतलं तरी आधीचे मैल मिळत नाहीत. मालकिणीने घोडीची नोंदणी मात्र केव्हाच केली होती.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की खोगीर कसण्याआधी विचारा: या राइडला मान्यता कुणाची आणि मैल कुणाच्या वहीत पडणार?

अमेरिका आणि कॅनडात ही वही मुख्यतः अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स सांभाळते. ही संस्था 1972 सालची. तिच्याकडे 50 मैल आणि त्यापुढचं अंतर एन्ड्युरन्स धरतात. 25 ते 35 मैलांच्या राइडचा हिशेब वेगळ्या रकान्यात. 50 मैलांना 12 तास, 100 मैलांना 24, आणि मधली सक्तीची विश्रांतीही त्यातच. रायडरचे मैल वेगळे, घोड्याचे वेगळे. पंचेचाळिसाव्या मैलावर घोडा लंगडला तर पंचेचाळीस मिळत नाहीत, शून्य मिळतात. हे कठोर वाटेल, पण मला हा नियम मनापासून पटतो. अर्धे मैल मिळू लागले तर दुखऱ्या पायाचा घोडा पुढच्या तपासणीपर्यंत रेटायचा मोह होईल.

सीमा ओलांडली की दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कॅनडातल्या राइडला याच संस्थेची मान्यता असेल तर मैल तसेच जमा होतात. घोड्याला मात्र त्या मान्यतेने सीमा ओलांडता येत नाही. त्याला सरकारी शिक्क्याचा आरोग्य दाखला लागतो आणि कॉगिन्स नावाची, घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाची रक्तचाचणी निगेटिव्ह असावी लागते.

दुसरी वही आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाची, म्हणजे एफईआयची. इथे मैलांची बेरीज नाही, पात्रतेच्या पायऱ्या आहेत. आधी आपल्या देशाच्या महासंघाच्या देखरेखीखाली 40 ते 79 किलोमीटरच्या आणि 80 ते 100 किलोमीटरच्या राइड ताशी 16 किलोमीटरच्या आत राहून पूर्ण करायच्या. मग ताऱ्यांच्या पातळ्या: एक तारा म्हणजे 100 ते 119 किलोमीटर, दोन तारे 120 ते 139, तीन तारे 140 ते 160. भारतीयाने त्यासाठी इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडून जायचं. एका वहीतली नोंद दुसरीत आपोआप जात नाही. काही राइडना दोन्हींची मान्यता असते, तेव्हा नावनोंदणी करतानाच दोन्हीकडचे अर्ज भरायचे.

गोव्यातून घोडा घेऊन जायचा विचार सध्या सोडा. ग्लँडर्ससारख्या संसर्गजन्य रोगांमुळे भारतीय घोड्याला बाहेर पाठवणं फार अवघड आहे. मेरठच्या लष्करी केंद्रातल्या रोगमुक्त कक्षाला जागतिक मान्यता मिळाली तीसुद्धा 2025 मध्ये. स्वार मात्र जाऊ शकतो. केरळच्या निदा अंजुम चेलाट हिने 2023 मध्ये फ्रान्समधल्या कास्तेल्साग्रा इथे तरुण रायडरांच्या जागतिक स्पर्धेत 120 किलोमीटर पूर्ण केले. ती दुबईत तयार झाली. तुम्हालाही परदेशातलाच घोडा, तिथलाच तबेला शोधावा लागेल.

आणि इथे काय करता येईल? नाडी मोजायला शिका. एफईआयच्या तपासणीत घोड्याची नाडी ठरलेल्या वेळात मिनिटाला 64 ठोक्यांपर्यंत खाली यावी लागते. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावायचा, 15 सेकंदांत 16 ठोके म्हणजे 64. आमच्या सत्तरीच्या दमट हवेत घाम सुकत नाही, अंग निवत नाही, नाडी खाली यायला कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हापेक्षा जास्त वेळ लागतो. घोड्याच्या घामातून मीठही आपल्यापेक्षा पुष्कळ जातं, त्यामुळे नुसत्या पाण्यावर भागत नाही. चैत्रातल्या दुपारी नको, पहाटे पाच किलोमीटर ट्रॉट, म्हणजे दुडक्या चालीने, करा, उतरा, मानेवर पाणी ओता, निथळून काढा, पुन्हा ओता, आणि दर दोन मिनिटांनी मोजत रहा. त्या मुलांना मी एक जुना स्टेथोस्कोप दिलाय आणि महिनाभराचे आकडे तारीखवार लिहून आणायला सांगितलंय.