इंग्रजीत शब्द बरोबर, सूर चुकीचा: पाहुण्यांशी बोलताना या चुका टाळा

मालवण-तारकर्लीपासून गुहागरपर्यंत होमस्टे चालवणाऱ्यांचं कामापुरतं इंग्रजी आता बरं असतं. व्याकरण चुकलं तरी पाहुणे मनावर घेत नाहीत. घोळ होतो तो सुराचा. मराठीत अर्थाचा बराच भार 'च', 'ही', 'तरी', 'का' उचलतात. 'का' लावला की आवाज चढो न चढो, प्रश्न होतोच. इंग्रजीत त्यातलं बरंचसं काम आवाजाच्या चढउताराला करावं लागतं.

विचारताना आवाज खाली पाडणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी नोंदवलेलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी कँटीनमध्ये नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका उद्धट आहेत, अशी कुरकुर होती. ग्रेव्ही हवी का, हे विचारताना ब्रिटिश वाढपी 'ग्रेव्ही?' असा आवाज चढवत. या बायका तोच शब्द आवाज उतरवून म्हणत. समोरच्याला ऐकू येई, 'ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या.' रेकॉर्डिंग ऐकवलं तरी त्यांना आधी फरक कळेना, कारण त्यांच्या बोलीत विचारायची रीतच तशी होती.

आपल्याकडे 'मोअर सोलकढी' म्हणताना नेमकं हेच होतं. शेवट वर न्या.

'टी ऑर कॉफी?'

दोन्ही शब्दांवर आवाज वर नेलात तर इंग्रजी कानाला ते 'चहा-कॉफी असं काही घेणार का?' असं वाटतं. पाहुणा 'यस, प्लीज' म्हणतो आणि तुम्ही किटली हातात घेऊन उभे! 'टी'वर चढवा, 'कॉफी'वर उतरवा, म्हणजे दोनांतलं एक सांगायचंय हे कळतं.

जेवणाची यादीही तशीच. 'किंगफिश, पॉम्फ्रेट, प्रॉन्स' म्हणताना प्रत्येक नाव जरा वर, शेवटचं खाली. शेवटचंही वरच ठेवलंत तर पाहुणा पुढच्या नावाची वाट बघतो. पहिल्यावरच आवाज पाडलात तर यादी संपली समजून तो सुरमई सांगून मोकळा होतो. पापलेट बसलं फ्रिजमध्ये.

'सॉरी' एकाच सुरात

उतरत्या सुरात माफी, चढत्या सुरात 'काय म्हणालात?' खोली आहे का, असं फोनवर कोणी विचारलं, तुम्हाला ऐकू आलं नाही आणि 'सॉरी' खाली पडलं, तर खोली नाही असं समजून तो दुसरीकडे फोन लावेल.

'व्हेअर'वर उडी

'व्हेअर आर यू फ्रॉम?' साध्या चौकशीत शेवटाकडे उतरतं. 'व्हेअर'वरच आवाज एकदम उंच नेलात तर 'कुठून म्हणालात? परत सांगा' असा अर्थ लागू शकतो. 'खंय चललंस?'चा मालवणी हेल जसाच्या तसा इंग्रजीत नेऊ नका.

जोर सगळ्या शब्दांवर सारखा

सिंधुदुर्गावर कोणी विचारलं, 'महाराजांनी हा किल्ला जिंकला का?' तर 'नो, ही बिल्ट इट' म्हणताना 'बिल्ट'वर आवाज उंचावून खाली आला पाहिजे. सगळं सपाट बोललात तर 1664 साली काम सुरू झाल्याचं तुम्ही सांगाल, पण मूळ प्रश्नाचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचणार नाही.

'तरी'चा अर्थही असाच सुरातून येतो. 'द बोट इजन्ट गोइंग टुडे' यात 'टुडे' खाली पाडलं तर विषय संपला. 'टुडे'वर आवाज खाली नेऊन पुन्हा थोडा उचलला तर 'आज तरी नाही, उद्या बघू'. दर्या खवळलेला असताना पाहुण्याला उद्यापर्यंत थांबवायचं तर ही छोटी उचल कामाची.

सराव

पुस्तकातल्या बाणांच्या खुणा पाठ करण्यापेक्षा आपलं 'हं' वापरा. 'हं?' आणि 'हं.' यातला फरक कोणाला शिकवावा लागत नाही. इंग्रजी वाक्य आधी शब्दांशिवाय त्या सुरात गुणगुणा, मग शब्द घाला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका.

एक अपवाद मात्र ध्यानात असू द्या. बेलफास्टकडचे लोक आणि बरेच ऑस्ट्रेलियन साधं विधानसुद्धा चढत्या सुरात संपवतात. त्यांचं प्रत्येक वाक्य प्रश्न समजून उत्तर देत बसू नका.