जर्मन-ज्यू आडनावाचा उगम आणि प्रसार कसा शोधावा

वडोदऱ्याच्या सयाजीबागेतील संग्रहालयाची धुरा १९३४ ते १९३९ या काळात अर्न्स्ट कोन-वीनर या जर्मन ज्यू कलाइतिहासकाराने सांभाळली. आपल्या शहराच्या इतिहासात असे आडनाव आढळले, तर त्याचा माग कसा काढावा, हे ‘वीनर’ याच आडनावाच्या आधारे पाहू.

प्रथम रोमन लिपीतील मूळ लेखन मिळवावे, कारण देवनागरीत किंवा इंग्रजी वळणाने लिहिलेल्या नावात स्वर सहज बदलतात. आरंभीच्या डब्ल्यूनंतर ‘आय-ई’ असेल तर ते ‘वीनर’, म्हणजे व्हिएन्नाचा रहिवासी. ‘ई-आय’ असेल तर ते ‘वाइनर’, आणि त्याचा उगम वेगळा. जोडआडनावाचे दोन्ही भाग स्वतंत्रपणे शोधावेत. ‘कोन’ हा भाग ‘कोहेन’, म्हणजे ज्यू पुरोहित, या शब्दाशी निगडित आहे.

गावावरून आलेले आडनाव बहुधा ते गाव सोडल्यावरच चिकटते. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजातील पेणकर, केहीमकर ही आडनावे आपल्याला परिचित आहेतच. त्यामुळे वीनर कुटुंबांचा शोध केवळ व्हिएन्नात न घेता तिच्या भोवतालच्या प्रदेशांतही घ्यावा. सम्राट लिओपोल्डने १६७० मध्ये व्हिएन्नातील ज्यूंना हद्दपार केले, तेव्हा अनेक जण मोराव्हिया आणि हंगेरीकडे गेले, आणि पुढच्याच वर्षी पन्नास कुटुंबांना बर्लिनभोवतालच्या ब्रांडेनबुर्ग प्रांतात राहण्याची परवानगी मिळाली.

यानंतर प्रदेशाचा कायदा पाहावा. ज्यूंना कायमचे आडनाव घेण्याची सक्ती ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या प्रदेशात १७८७ च्या आदेशाने, तर प्रशिया या जर्मन राज्यात १८१२ च्या आदेशाने झाली. त्याआधीच्या नोंदींत बहुतेकदा स्वतःचे व वडिलांचे नाव एवढेच असते, म्हणून तेथे आडनाव न सापडणे म्हणजे कुटुंब नसणे नव्हे. आडनावावरून धर्मही ठरवू नये; क्लाइन, श्वार्त्स, वाइस ही आडनावे ख्रिस्ती कुटुंबांतही सर्रास आढळतात. धर्माचा निर्णय जन्म-विवाहाच्या नोंदी किंवा दफनभूमीतील शिलालेख पाहूनच करावा.

प्रसार मोजताना निव्वळ संख्येपेक्षा लोकसंख्येशी असलेले प्रमाण पाहावे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेतील शंभर किंवा अधिक वेळा आलेली आडनावे प्रसिद्ध झालेली आहेत, ती येथे उपयोगी पडतात. मात्र आजच्या नकाशावरील दाट ठिपके उगमस्थान दाखवतात असे मानणे मोठी चूक ठरेल, कारण त्यांत स्थलांतर आहे आणि युरोपातील रिकाम्या जागांमागे नाझींनी केलेला ज्यूंचा नरसंहार आहे. म्हणून याद वाशेम या जेरुसलेममधील नरसंहार-स्मारक संस्थेची बळींच्या नावांची सूची अवश्य पाहावी. त्या काळातील जर्मन कागदपत्रांत पुरुषांच्या नावापुढे ‘इस्राएल’ आणि स्त्रियांच्या नावापुढे ‘सारा’ दिसले, तर ती कुटुंबाने ठेवलेली नावे समजू नयेत. १ जानेवारी १९३९ पासून नाझी राजवटीने ती ज्यूंवर लादली होती.