गोव्यात आयटीआयला ॲडमिशन घ्यायचंय? आधी ट्रेड ठरवा, फॉर्म नंतर

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी कॉमर्स की सायन्स एवढंच चालतं, आयटीआयचं नाव निघतं ते मार्क कमी पडले तरच. हे मला मनापासून खटकतं, कारण मनासारखा ट्रेड (म्हणजे इलेक्ट्रिशियन, वेल्डर असा शिकायचा व्यवसाय) मिळालेलं पोर दोन वर्षांत हातात काम घेऊन बाहेर पडतं.

पहिलं काम म्हणजे फॉर्म उघडायच्या आधी वर्कशॉप बघून या. पणजी, म्हापसा, डिचोली, फर्मागुडी, मडगाव, वास्को, काणकोण असे आयटीआय आहेत, पण सगळीकडे सगळे ट्रेड नसतात, म्हणून आधी फोन करून विचारा. पोराला सोबत न्याच. इन्स्ट्रक्टरांना विचारा की एका बॅचला मशीनं किती, मागच्या वर्षीची मुलं कुठे लागली. आणि जेवणाच्या सुट्टीत सेकंड इयरच्या मुलांशी बोला, ती खरं काय ते सांगतात.

मग पात्रता बघा. वय किमान 14 पूर्ण हवं. इलेक्ट्रिशियन, फिटर 2 वर्षांचे आणि त्यांना दहावी पास लागते, वेल्डर 1 वर्षाचा आणि त्याला आठवी पास चालते. पुढे डिप्लोमा करायचा मनात असेल तर दहावीनंतर 2 वर्षांचा ट्रेड घ्या, त्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

कागदपत्रं निकालाची वाट न बघता जमवा. मामलेदार ऑफिसातले दाखले वेळ खातात आणि जूनमध्ये तिथे सगळेच येतात. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते आत्ताच बघा.

आता प्रेफरन्स, म्हणजे फॉर्मवर ट्रेडची आवडीप्रमाणे लावलेली यादी, आणि इथेच पालक गडबडतात. "हा मिळेल बहुतेक" म्हणून नको असलेला ट्रेड वर टाकतात आणि तोच मिळतो! जो खरंच हवाय तोच एक नंबरला टाका, त्याखाली दुसरा आवडीचा, आणि जो मिळाला तरी करणार नाही तो यादीत घालूच नका. बसचाही विचार करा, परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते आणि पेडण्याहून फर्मागुडीला रोज दोन-तीन बस बदलत जाणं पावसात झेपत नाही. लिस्टमध्ये नाव आलं की दिलेल्या तारखेच्या आत फी भरा नाहीतर सीट जाते, नाव नसेल तर पुढच्या राउंडवर लक्ष ठेवा.

शेवटच्या वर्षाला असतानाच अप्रेंटिसशिपच्या (कंपनीत स्टायपेंड घेऊन काम शिकण्याच्या) सरकारी पोर्टलवर नोंदणी करून टाका. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घ्यावेच लागतात, तेव्हा वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांत जाऊन सरळ एचआरला विचारा, आणि रुजू होण्याआधी कॉन्ट्रॅक्टवर ट्रेडचं नाव आणि स्टायपेंड किती ते नीट वाचूनच सही करा.