गाडीचं काम शिकायचंय? केबिन फिल्टरपासून सुरुवात करा

आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडला नुकताच प्रवेश मिळालेली मुलं बरेचदा विचारतात, "सर, वर्ग सुरू होईपर्यंत घरी काय करून बघू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. घरातल्या, नाहीतर काका-मामांच्या गाडीचा केबिन फिल्टर काढा, नीट बघा आणि बदला. ब्रेकच्या कामात नवख्यानं एकट्यानं हात घालू नये, ऑइल बदलायचं तर गाडीखाली शिरावं लागतं. फिल्टरच्या कामाला बहुतेक गाड्यांत पान्हासुद्धा लागत नाही. आणि तरीही तक्रार ऐकणं, कारण शोधणं, प्लास्टिक न मोडता उघडणं, योग्य सामान आणणं हे सगळं यात एकदा हाताखालून जातं.

आधी एक गोंधळ दूर करू. गाडीत हवेचे दोन फिल्टर असतात. बॉनेटखाली असतो तो इंजिनाला जाणारी हवा गाळतो. केबिन फिल्टर आपल्या श्वासाची हवा गाळतो. दुकानात त्याला एसी फिल्टर म्हणतात. नुसतं "एअर फिल्टर द्या" म्हणालात तर हातात इंजिनाचा पडेल.

आता हवेची वाट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पुढच्या काचेच्या खाली, वायपरजवळ जाळी असते. तिथून बाहेरची हवा आत येते, फिल्टरमधून ब्लोअरकडे, म्हणजे आतल्या पंख्याकडे जाते आणि ब्लोअर ती कूलिंग कॉइलवरून आपल्याकडे फेकतो. बऱ्याच गाड्यांत फिल्टर ब्लोअरच्या आधीच बसवलेला असतो, त्यामुळे आतली हवा आत फिरवायचं बटण दाबलं तरी ती फिल्टरमधूनच जाते.

ही वाट डोक्यात पक्की असेल तर गिऱ्हाईक "एसी मारत नाही" म्हणालं की काय विचारायचं ते कळतं. हवाच कमी येते, की हवा भरपूर येते पण गार नाही? ब्लोअर तीनवर ठेवूनही एकवर असल्यासारखी हवा येत असेल तर पहिला संशय फिल्टरवर. हवा जोरात येते पण गार लागत नाही, तर गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सर हा वेगळा तपास. तिथे फिल्टर बदलून फरक पडणार नाही. पावसाळ्यात समोरच्या काचेवरचं धुकं लवकर जात नाही, हीसुद्धा तुंबलेल्या फिल्टरची खूण असू शकते. घाटात, रात्री, समोरून ट्रक येत असताना काच धूसर राहणं म्हणजे काय ते ज्यानं गाडी चालवली आहे त्याला सांगायला नको. म्हणून या कामाला कोणी किरकोळ म्हटलं की मला पटत नाही.

प्रत्यक्ष काम. गाडी बंद, चावी बाहेर. मारुती, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या, म्हणजे पुढच्या डाव्या सीटसमोरच्या खणाच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करा. एका बाजूला दोरी किंवा दांडी जोडलेली असेल तर आधी ती सोडवा. मग दोन्ही बाजूंच्या भिंती आतल्या बाजूला दाबा, म्हणजे अडकवण सुटून बॉक्स पूर्ण खाली येतो. मागे एक अरुंद, आडवं झाकण दिसेल. त्याच्या क्लिपा बोटांनी दाबून काढायच्या. इथे नवीन मुलं जोर लावतात आणि क्लिप तुटते. प्लास्टिक निघत नाही याचा अर्थ अजून एक लॉक तुम्हाला दिसलेलं नाही. मोबाईलचा टॉर्च लावा, दुसऱ्या बाजूला बोट फिरवा. हिवाळ्यात सकाळच्या थंडीत प्लास्टिक ठिसूळ असतं, तेव्हा तर आणखी सबुरीनं. काही गाड्यांत ही जागा वेगळी असते, आणि काही जुन्या किंवा स्वस्त मॉडेलांत कंपनीतून फिल्टर आलेलाच नसतो, म्हणून हात घालण्याआधी गाडीचं पुस्तक उघडा.

जुना फिल्टर हळू, आडवाच ओढा. वाकडा केला तर वरचा कचरा सरळ ब्लोअरमध्ये पडतो आणि मग पंख्यात पान अडकून खडखड सुरू होते. फिल्टर बाहेर असताना ब्लोअर सुरू करायचा नाही, तेही याच कारणानं.

काढलेला फिल्टर लगेच फेकू नका, तो वाचायला शिका. पानांचे तुकडे, बिया दिसल्या तर गाडी झाडाखाली उभी असते. वायपरजवळची जाळी आणि तिथली पाणी जाण्याची भोकंही साफ करा. काळा, बारीक थर म्हणजे शहरातला धूर. ऊसपट्ट्यात गाळप हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे फिरलेल्या गाडीत जाड मातकट धूळ निघते. कुरतडलेले कागद, लेंड्या दिसल्या तर उंदीर. तेव्हा मास्क आणि हातमोजे घाला, हवेचा फवारा मारू नका. लेंड्या जंतुनाशकानं ओल्या करून पुसून घ्या. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार पसरतो. गॅरेजमध्ये या बाबतीत फार बेफिकिरी आहे, तुम्ही ती उचलू नका.

नवीन फिल्टर घेताना मॉडेल, वर्ष आणि जमल्यास जुना फिल्टर सोबत न्या. जागेपेक्षा किंचित लहान फिल्टर स्वस्त मिळतो, पण कडेच्या फटीतून हवा गाळल्याशिवाय निघून जाते, मग बदलून उपयोग काय? साधा पांढरा फिल्टर धूळ अडवतो. कार्बनवाला राखाडी-काळा असतो, तो धुराचा वासही बराच शोषतो. रोज शहराच्या गर्दीत गाडी असेल तर मी कार्बनवालाच घ्यायला सांगेन. धुऊन पुन्हा वापरू का, असं सगळे विचारतात. नको. अनेक फिल्टरांच्या धाग्यांवर बारीक कण ओढून घेणारा विद्युतभार असतो, तो पाण्यानं जातो. कागद फुगून आकारही बिघडतो.

बसवताना कडेवरचा बाण बघा. 'एअर फ्लो' लिहिलेला बाण हवा वाहते ती दिशा दाखवतो. नुसतं 'अप' लिहिलं असेल तर ती बाजू वर, एवढाच अर्थ. दोन्हींत गल्लत होते. जुना कसा होता ते बघाच, पण त्यावर पूर्ण विसंबू नका, आधीच्या माणसानं उलटा बसवलेला असू शकतो. हवेची वाट माहीत असली की उत्तर तुमचं तुम्हाला सापडतं.

बदलूनही कुबट वास राहिला तर तो बहुधा ओल्या कूलिंग कॉइलवरच्या बुरशीचा. मुक्कामाला पोहोचायच्या थोडं आधी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवायची सवय लावली की कॉइल वाळते आणि वास धरत नाही. जुना वास मुरला असेल तर कॉइल साफ करणं हे वेगळं काम आहे.

बदलायची वेळ गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, साधारण वर्षाला किंवा 10,000 ते 15,000 किलोमीटरला. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी धुताना हे काम उरकलेलं उत्तम. ओल खाल्लेला फिल्टर तेव्हाच निघतो. नवीन फिल्टरच्या कडेवर मार्करनं तारीख आणि किलोमीटर लिहा, मगच आत सरकवा.

पुढे गॅरेजमध्ये लागलात की जुना फिल्टर गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय टाकू नका, आणि तो चांगला असेल तर तसं स्पष्ट सांगून परत बसवा. त्या दिवशी बिल थोडं कमी होईल, पण गॅस भरायचं किंवा ब्रेकचं मोठं काम निघेल तेव्हा तो माणूस तुमच्या शब्दावर गाडी सोडून जाईल.