७,२०,७२० चे विभाजक कसे मोजायचे
भागाकाराला लगेच हात घालू नका, आधी संख्या नीट बघा. ७२० लागोपाठ दोनदा आलंय, म्हणजे ही ७२० × १००१. आणि १००१ = ७ × ११ × १३. हे दिसलं की अर्धं काम झालं. ७२० ला २ ने चारदा भागलं की ४५ उरतात, म्हणजे ३ × ३ × ५.

मूळ अवयव: २⁴ × ३² × ५ × ७ × ११ × १३.

आता प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४०. नुसते घातांक गुणले तर ८ येतात. ही चूक फार होते. विभाजकात २ चारदा येऊ शकतो, तसा एकदाही नसू शकतो. ती शून्याची निवडही मोजायलाच हवी.

१ ते १६ पर्यंतच्या प्रत्येक संख्येने निःशेष भाग जाणारी ही सर्वांत लहान धन पूर्ण संख्या. १७ ने भागलं तर बाकी ५.